धुके, उपग्रह आणि जमिनीवरचा आधार

डिसेंबर-जानेवारीत गाझियाबादेत सकाळी आठ वाजता खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही. शहरातील हिंडन हा पुण्याच्या लोहगावसारखाच हवाई दलाचा तळ; २०१९ पासून तेथून नागरी उड्डाणेही होतात. तिकडे किंवा दिल्ली विमानतळाकडे निघालेला प्रवासी घरातूनच धुक्याचा अंदाज घेतो. दिल्लीत मात्र अशाही सकाळी विमाने उतरत असतात. ती कशाच्या भरवशावर उतरतात, हा प्रश्न गेल्या नोव्हेंबरपासून केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

त्यांचा मुख्य भरवसा ‘इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम’, अर्थात आयएलएस या जुन्या यंत्रणेवर असतो. धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे अँटेनांची एक रांग असते; तिला लोकलायझर म्हणतात. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या दरम्यानच्या तिच्या लहरींवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर चढवलेले असतात. उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीने मध्यरेषेच्या डावीकडे ९०चा सूर प्रबळ, उजवीकडे १५०चा. दोन्ही समसमान असतील तेथे धावपट्टीची मध्यरेषा. उंचीसाठी दुसरा प्रक्षेपक हीच युक्ती उभ्या दिशेने वापरतो आणि साधारण तीन अंशांची उतरंड आखून देतो. विमानातील यंत्राला फक्त दोन सुरांची तुलना करायची असते. त्याला ना उपग्रह लागतो, ना अचूक घड्याळ.

या यंत्रणेच्या श्रेणी आहेत. ‘कॅट-१’मध्ये दोनशे फुटांवर धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिकाने पुन्हा वर जायचे, धावपट्टीवरील दृश्यमानताही किमान ५५० मीटर हवी. दिल्लीत वापरल्या जाणाऱ्या ‘कॅट-३ बी’मध्ये ती ५० मीटरपर्यंत खाली आली तरी चालते. अर्थात त्यासाठी दिवे, विमान आणि वैमानिकाचे प्रशिक्षण हे सारेच त्या दर्जाचे असावे लागते. अँटेनेसमोर चुकून उभे राहिलेले एखादे मोठे वाहनही लहरी वाकवू शकते, म्हणून तो परिसर मोकळा ठेवतात. शिवाय दिल्लीच्या सफदरजंग येथील तपासणी पथकाची विमाने देशभर फिरून या लहरी हवेत जाऊन मोजतात. वर्तमानपत्रांत या कामाची बातमी क्वचितच येते.

उपग्रहाचा मार्ग स्वस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. आयएलएस प्रत्येक धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला वेगळी बसवावी लागते. लहान विमानतळाला तो खर्च जड जातो. भारताच्या ‘गगन’ यंत्रणेच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे विमान उतरले, ते यश खरेच मोठे होते. पण जीपीएसचा संकेत सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. तो दडपता येतो. त्याची नक्कल करून विमानाला खोटी जागाही दाखवता येते, आणि हे अधिक वाईट. कारण दडपलेला संकेत निदान लक्षात येतो, खोटा संकेत खराच वाटतो.

नोव्हेंबर २०२५ च्या आरंभी दिल्लीत नेमके हेच घडले. धुक्याच्या हंगामापूर्वी कॅट-३ दर्जा देण्याच्या कामासाठी धावपट्टी क्रमांक १० ची आयएलएस बंद होती. त्यातच पूर्वेकडून वारे सुरू झाले आणि विमानांना नेमक्या त्याच टोकाने, उपग्रहाच्या आधारे उतरावे लागले. त्यांना खोटे संकेत मिळाले. काही विमाने जयपूरकडे वळवावी लागली. (७ नोव्हेंबरला संदेशवहन यंत्रणा बिघडून शेकडो उड्डाणे रखडली, ती घटना वेगळी, दोहोंची चर्चेत गल्लत झाली.) १ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत लेखी उत्तरात हे मान्य केले. ज्या टोकांना पारंपरिक यंत्रणा सुरू होती, तेथील वाहतुकीवर परिणाम झाला नाही, हेही त्याच उत्तरात आहे. माझ्या मते त्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. १९३०च्या दशकात जर्मनीच्या लॉरेन्झ कंपनीने धुक्यात विमाने उतरवण्यासाठी रेडिओ-शलाका बनवली : एका बाजूस ठिपक्यांचा आवाज, दुसऱ्या बाजूस रेघांचा, मधोमध अखंड सूर. १९४० मध्ये त्याच युक्तीने जर्मन बॉम्बफेकी विमाने रात्री ब्रिटिश शहरे शोधू लागली, तेव्हा ब्रिटिशांनी त्याच लहरींत आपले सूर मिसळून त्यांना गोंधळात टाकले. म्हणजे जमिनीवरची शलाकाही अभेद्य नाही. मात्र आयएलएसचा प्रक्षेपक विमानाच्या जवळ आणि जोरकस असतो. त्याला बाधा आणणाऱ्यालाही विमानतळाच्या आसपास, ताकदीच्या प्रक्षेपकासह यावे लागते, आणि तेथे तो शोधणे तुलनेने सोपे जाते.

पारंपरिक यंत्रणांचे किमान जाळे राखण्याचे धोरण सरकारने जाहीर केले आहे. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार, हा खरा प्रश्न. प्रशासनात काम केलेल्यांना ठाऊक आहे की, ‘पर्यायी व्यवस्था उपलब्ध’ असा शेरा फाइलवर आला की देखभालीची तरतूद आधी कापली जाते. म्हणून कोणत्या विमानतळांच्या कोणत्या टोकांची यंत्रणा राखली जाणार, याची यादी प्रसिद्ध व्हावी. एखाद्या टोकाची आयएलएस दुरुस्तीसाठी काढायची असेल, तर त्या काळातील वाऱ्यांचा विचार आदेशात लेखी नोंदवला जावा. खोट्या संकेतांचा स्रोत शोधण्याचे काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे दिले आहे. तिचा अहवाल, सुरक्षेचा गोपनीय भाग वगळून, संसदेच्या पटलावर ठेवण्यास हरकत नसावी.