कार्ड आपल्या खिशात, पैसा दुसऱ्याच्या हातात
व्यापारी व कारागीर बंधूंनी घ्यावयाची खबरदारी

लोणारच्या बाजारात कापडाचा धंदा करताना माझी तीस वर्षे निघून गेली. पूर्वी गिऱ्हाईक आले की थान उलगडायचे, भाव ठरायचा, नोटा मोजल्या जायच्या आणि संध्याकाळी गल्ला मोजला की दिवसाचा हिशेब पुरा व्हायचा. चोराची भीती होती ती कुलपाला. आज सरोवर पाहायला आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा साडी घेतो आणि कार्ड पुढे करतो. सुलतानपूर, मेहकरकडून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी कुटुंबेही रोकड घेऊन फिरत नाहीत. ही सोय चांगलीच आहे. पण चोरही कुलूप सोडून फोनवर आला आहे, आणि त्याला ओळखायला आपण अजून पुरते शिकलेलो नाही.

आमच्या दुकानातून कापड नेणाऱ्या एका टेलरची हकीकत सांगतो. गरीब, मेहनती माणूस. नवे शिलाई मशीन घ्यायचे म्हणून त्याने बँकेत थोडे थोडे करून पैसे जमवले होते. एके दुपारी फोन आला. ‘बँकेतून बोलतो, तुमचे एटीएम कार्ड आज बंद होणार आहे.’ समोरच्याने कार्डावरचा नंबर विचारला, मागचे तीन आकडे विचारले आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही विचारला. याने सर्व सांगितले. १८ हजार रुपये गेले. शरमेने तो गप्प बसला. बायकोलाही बोलला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा फोन आला. ‘चुकून गेलेले पैसे परत जमा करायचे आहेत, आता आलेला आकडा सांगा.’ आशेपोटी याने तोही सांगितला. आणखी २० हजार गेले. नवव्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘भाई, कोणाला सांगू नका, पण काही करता येईल का?’

मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो. तिथे जे कळले त्यासाठीच हा लेख लिहीत आहे. पहिले १८ हजार त्याच्या भोळेपणाने गेले. पण त्याच दिवशी त्याने बँकेला कळवून कार्ड बंद केले असते, तर दुसरे २० हजार जाऊच शकले नसते, आणि कळवल्यानंतरही गेले असते तर ती जबाबदारी बँकेची झाली असती. म्हणजे भोळेपणाची किंमत १८ हजार आणि गप्प बसण्याची किंमत २० हजार.

बँकाही फसतात

आपण अडाणी म्हणून आपल्यालाच फसवतात, असा पुष्कळांचा समज आहे. तो काढून टाकावा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले आणि बँकांना लाखो कार्डे बदलून द्यावी लागली. त्याहून मोठा धडा पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या हुबेहूब नकला वापरून २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातील एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींवर रक्कम गेली.

हे कसे झाले? एटीएममध्ये कार्ड घातले की बँकेच्या यंत्रणेला विचारणा जाते, ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ चोरांनी या विचारणेच्या वाटेवरच आपली खोटी यंत्रणा बसवली होती. विचारणा बँकेपर्यंत पोहोचतच नव्हती, चोरांची यंत्रणाच ‘द्या’ म्हणून उत्तर देत होती. ग्राहकांच्या खात्यांतील रक्कम सुरक्षित आहे, असे बँकेने तेव्हा जाहीर केले. फटका बँकेला बसला. पोलिसांनी एटीएमवरच्या कॅमेऱ्यांवरून पैसे काढणारे हस्तक शोधले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यातले अनेक जण कमिशनसाठी दुसऱ्याच्या कार्डाने पैसे काढून देणारे होते. आपल्या तरुण मुलांना हे जरूर सांगावे. ‘फक्त कार्ड घाल आणि पैसे काढून आण’ किंवा ‘तुझे खाते आठ दिवस वापरायला दे’ असे कोणी म्हणाले, तर त्या वाटेचा शेवट तुरुंगात आहे.

नक्कल कशी होते

जुन्या कार्डाच्या मागे नुसती काळी पट्टी असे. त्या पट्टीवरची माहिती कॅसेटसारखी असते, एकदा वाचली की दुसऱ्या कार्डावर उतरवता येते. चोर एटीएमच्या फटीवर वाचणारे छोटे यंत्र चिकटवतात आणि वर बारीक कॅमेरा लावून पिन टिपतात. म्हणून रिझर्व बँकेने काळ्या पट्टीची कार्डे २०१८ अखेरपर्यंत बदलून चिप असलेली कार्डे देण्याचा आदेश बँकांना दिला. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे तिची नक्कल करणे फार अवघड आहे. तरीही एटीएमवर पिन दाबताना दुसऱ्या हाताने झाकावा. कार्ड घालायची फट सैल किंवा वेगळी दिसली तर तिथून निघून यावे. ‘मदत करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड देऊ नये. तो पिन पाहतो आणि तसेच दिसणारे दुसरे कार्ड आपल्या हातात ठेवतो.

आपल्या दुकानाची जबाबदारी

आता व्यापारी बंधूंशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. खेड्यातले गिऱ्हाईक आपल्या हातात कार्ड देते आणि मोठ्याने पिन सांगते. ‘सेठ, तुम्हीच दाबा.’ त्याचा आपल्यावर भरवसा असतो. पण दुकानात दहा माणसे उभी असतात, नोकर असतात. उद्या त्याच्या खात्यातून कोणी पैसे काढले तर पहिला संशय आपल्यावर येईल, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून मी मशीन गिऱ्हाइकापुढे ठेवतो, तोंड फिरवतो आणि म्हणतो, ‘काका, आकडे तुम्हीच दाबा, मला सांगू नका.’ दुसऱ्याचे कार्ड ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. ते गिऱ्हाइकाच्या नजरेआड नेऊ नये, त्याचा नंबर लिहू नये, फोटो काढू नये.

दुसरी गोष्ट, काही दुकानदार क्रेडिट कार्ड मशीनवर चालवून, माल न देता, दोन-तीन टक्के कापून रोकड देतात. यात खोटे बिल बनते, बँक मशीन काढून घेते, आणि ते कार्ड चोरीचे निघाले तर पोलीस आपल्या दारात येतात. घेणाऱ्याचेही भले होत नाही, कारण कार्डाचे बिल वेळेवर भरले नाही तर दरमहा तीन टक्क्यांच्या पुढे व्याज चढते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या माणसाने तर या वाटेला जाऊच नये. क्रेडिट कार्ड घेतलेच असेल तर पुरे बिल मुदतीत भरावे. ‘किमान रक्कम’ भरून समाधान मानू नये.

तिसरी गोष्ट, मशीनची पावती. गिऱ्हाइकाने पुढे बँकेकडे तक्रार केली तर आपली बँक आपल्याकडे पुरावा मागते. मशीनच्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते. म्हणून बिलाच्या नकलेला पावती जोडून तिचा फोटो काढून ठेवावा आणि वर्षभर तरी जपावा. रोज दुकान बंद करताना मशीनचा दिवसाचा एकूण आकडा आणि आपल्या वहीतला आकडा जुळवावा. ‘मशीन दुरुस्त करायला आलो’ म्हणणाऱ्याच्या हातात, बँकेत फोन करून खात्री केल्याशिवाय, मशीन देऊ नये.

मीही फसलो असतो

मागे मला एक फोन आला. बोलणारा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवत होता. दोनशे टॉवेल आणि शंभर चादरींची ऑर्डर, भावात घासाघीस नाही. ‘पैसे आगाऊ पाठवतो, तुमच्या कार्डाचा नंबर द्या, आणि पैसे जमा व्हायला मोबाइलवर आलेला आकडा सांगा.’ मोठ्या ऑर्डरच्या आनंदात मी कार्ड बाहेर काढलेही होते. माझ्या मुलाने हात धरला. ‘अब्बा, पैसे घ्यायला आकडा कशाला लागतो?’ तेवढ्यावर मी वाचलो. हा एकच नियम आपण पाठ करावा: पैसे देण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि जे गिऱ्हाईक भावच विचारत नाही, त्याच्यावर जरा शंका घ्यावी.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. बँकेचे इंग्रजी संदेश मी पूर्वी वाचतच नव्हतो. नंतर दोनच शब्द ओळखायला शिकलो. ‘डेबिट’ म्हणजे गेले आणि ‘क्रेडिट’ म्हणजे आले. एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी संदेश मुलाला किंवा मुलीला त्याच दिवशी दाखवावा.

कार्डावरच्या कड्या लावून घ्या

१. परदेशातील व्यवहार बंद ठेवावेत. आपल्या देशात इंटरनेटवर कार्ड वापरताना ओटीपी लागतो, पण परदेशातील अनेक ठिकाणी तो न विचारताच पैसे वळते होतात. २०२० पासून रिझर्व बँकेच्या आदेशाने ही सोय चालू-बंद करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. बँकेच्या अॅपवर किंवा शाखेत जाऊन हे करता येते.
२. रोजची मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी.
३. मोठी रक्कम ज्या खात्यात आहे त्याचे कार्ड फिरवू नये. रोजच्या वापरासाठी वेगळे, थोड्या रकमेचे खाते ठेवावे.
४. कार्डाच्या पाकिटावर पिन लिहू नये.
५. मोबाइल नंबर बदलला तर आधी बँकेला कळवावे, नाहीतर आपले संदेश दुसऱ्याच्या हाती पडतील.
६. फोनवर कोणाच्या सांगण्यावरून अॅप उतरवू नये. काही अॅपमधून समोरच्याला आपल्या फोनचा पडदा दिसतो.

पैसे गेलेच तर

पहिले काम, कार्ड बंद करणे. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो, पण कार्डच हरवले तर तो कुठे शोधणार? म्हणून तो आजच हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दुसरे काम, १९३० या नंबरवर फोन. हा केंद्र सरकारचा नंबर आहे. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत असतो, आणि लवकर कळवले तर वाटेतले खाते गोठवता येते. यात घड्याळाला महत्त्व आहे. तिसरे काम, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेणे. तोंडी सांगितलेले उद्या कोणाला आठवत नाही. चौथे काम, पोलीस ठाण्यात तक्रार. माहिती-तंत्रज्ञान कायदा २००० मधील ६६-सी व ६६-डी या कलमांखाली हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आपल्या हक्काचेही बोलू. रिझर्व बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात पायऱ्या घालून दिल्या, आणि त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तसेच कळवले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर बचत खात्याला आणि लहान उद्योगांच्या चालू खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा भार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर टाकले आहे. पुढे यात काही बदल झाला आहे का, ते शाखेत विचारून घ्यावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला फी लागत नाही.

आमच्या टेलरचे पुढे काय झाले? दुसऱ्या वेळच्या २० हजारांपैकी साडेसहा हजार एका खात्यात अडकलेले सापडले, ते बऱ्याच खेपा घातल्यावर मिळाले. बाकीचे गेले. मशीन त्याने हप्त्याने घेतले. पण त्याने एक काम चांगले केले. आपली फजिती त्याने आपल्या गल्लीतल्या सर्व कारागिरांना स्वतः सांगितली. त्यानंतर तसाच फोन त्याच्या शेजाऱ्याला आला आणि शेजाऱ्याने तो लगेच ठेवून दिला.

फसवले जाणे ही शरमेची गोष्ट नाही. लपवून ठेवल्याने चोराचाच फायदा होतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती की हा लेख घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि दुकानातल्या नोकरांना वाचून दाखवावा, आणि वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबर आजच लिहून ठेवावेत: आपल्या बँकेचा आणि १९३०.