ड्रोनचा प्राण बॅटरीत

लग्नाच्या वरातीचे चित्रीकरण असो, गणेश विसर्जनाच्या गर्दीवरील पोलिसांची नजर असो, वा गावठाणाची मोजणी. ड्रोन आता शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही जीवनात रुळला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नवे ड्रोन नियम लागू केल्यानंतर त्याचा व्यावसायिक वापर अधिक सुकर झाला. मात्र ड्रोन विकत घेताना कॅमेरा किती चांगला आणि यंत्र किती दूर जाते, याचीच चौकशी अधिक होते. बॅटरी आणि तिचे विद्युतसंपर्क यांच्या निगेचा प्रश्न मागे पडतो. वास्तविक ड्रोनच्या सुरक्षिततेचा पाया तोच आहे.

विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते पंखांच्या आधारे काही अंतर तरंगत जाऊ शकते. चार पंख्यांच्या ड्रोनला ही सवलत नाही. पंखे फिरायचे थांबले की तो दगडासारखा खाली येतो. खाली माणसे असतील, तर एक-दोन किलो वजनाचे यंत्रही जीवघेणे ठरू शकते. म्हणूनच विद्युतपुरवठ्यात क्षणभराचा खंडही येथे क्षम्य नसतो.

बॅटरीचा स्वभाव

बहुतेक ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर किंवा लिथियम-आयन बॅटरी असते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवणे हे या बॅटरीचे वैशिष्ट्य. तथापि तिला कोणताच अतिरेक सोसत नाही.

सर्वसाधारण लिथियम-पॉलिमर घटाचा सरासरी विद्युतदाब ३.७ व्होल्ट असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यापलीकडे चार्ज करणे धोक्याचे असते. तसेच दाब ३ व्होल्टच्या खाली गेल्यास घटाची कायमची हानी होते. त्यामुळे बॅटरी पूर्ण संपेपर्यंत ड्रोन उडवू नये. २० ते ३० टक्के शक्ती शिल्लक असतानाच तो उतरवणे शहाणपणाचे. परतीच्या वाटेवर समोरून वारा आला, तर हीच शिल्लक कामी येते.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे कपाटात ठेवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. अशा स्थितीत आतील रासायनिक ऱ्हास वेगाने होतो. काही दिवस वापर नसेल, तर बॅटरी निम्मी चार्ज करून, म्हणजे प्रत्येक घटाचा दाब सुमारे ३.८ व्होल्ट ठेवून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. नव्या ‘स्मार्ट’ बॅटऱ्या काही दिवसांनी आपोआप या पातळीवर येतात. मात्र महिनोन् महिने दुर्लक्ष झाल्यास त्याही पूर्ण रिकाम्या होऊन निकामी ठरतात.

तापमानाचेही तसेच. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरी ठेवणे घातक. उड्डाणानंतर गरम झालेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. शून्य अंशाखालील थंडीत चार्जिंग केल्यास धातुरूप लिथियमचा थर आत साचतो आणि पुढे घटातच शॉर्टसर्किट होण्याची भीती असते. हिमालयात चित्रीकरणास जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

संपर्कबिंदूंचे गणित

बॅटरी उत्तम असूनही ड्रोन दगा देतो, तेव्हा दोष अनेकदा संपर्कबिंदूंत असतो. बॅटरी आणि ड्रोन यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर किंवा पिनांवर धूळ, घाम, तेलकटपणा वा गंज साचला की त्या जागी विद्युतरोध वाढतो. समजा, हा रोध अवघा १० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा शंभरावा भाग आहे आणि प्रवाह २० अँपिअर आहे. मग त्या नखाएवढ्या जागेत ४ वॅट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. उष्णतेने धातूवरील थर आणखी वाढतो, स्प्रिंगचा ताण कमी होतो आणि रोध पुन्हा वाढतो. हे दुष्टचक्र संपर्क जळेपर्यंत चालू राहते. त्यात एखाद्या हादऱ्याने जोड क्षणभर सुटला, तर नियंत्रक यंत्रणा हवेतच बंद पडू शकते.

मुंबई आणि कोकणची खारी, दमट हवा या बाबतीत विशेष त्रासदायक आहे. शेतात फवारणी करणाऱ्या ड्रोनवर तर कीटकनाशकांचे तुषारच बसत असतात. महिला बचत गटांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत मूळ संचाबरोबर बॅटऱ्यांचे चार जादा संच देण्याची तरतूद करण्यात आली, यावरून या कामात बॅटऱ्यांची किती अदलाबदल होते याची कल्पना यावी. प्रत्येक अदलाबदलीत संपर्क घासला जातो आणि मोठ्या जोडांत ठिणगी पडून धातूवर खड्डे पडतात. ठिणगीरोधक जोड वापरले, तर हे टळते.

स्वच्छता कशी करावी?

प्रथम ड्रोन बंद करून बॅटरी काढून घ्यावी. धागे न सुटणाऱ्या कापडावर किंवा मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडे घेऊन संपर्क हलक्या हाताने पुसावेत. द्रव थेट ओतू नये. बॅटरीचे धन आणि ऋण टोक एकाच वेळी धातूच्या वस्तूने जोडले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. तसे झाल्यास प्रचंड प्रवाह वाहून भाजण्याचा वा आगीचा धोका असतो. पूर्ण वाळल्यावरच बॅटरी बसवावी.

सँडपेपर किंवा चाकूने खरवडणे कटाक्षाने टाळावे. अनेक संपर्कांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. सोने गंजत नाही; पण तो मुलामा गेला की खालचा धातू लवकर खराब होतो. काळवंडलेला, वितळलेला किंवा सैल झालेला जोड पुसून सुधारत नाही. तो बदलावाच लागतो.

फुगलेली बॅटरी

बॅटरी फुगणे म्हणजे आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार झाल्याची खूण. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये आणि टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन ही उत्पादकांची जबाबदारी आहे. घरच्या कचऱ्यात टाकलेली बॅटरी कचरागाडीत दाबली गेली, तर तेथेच पेट घेऊ शकते.

ही निगा खर्चिक नाही. उड्डाणापूर्वी बॅटरीचा आकार, तापमान आणि संपर्क पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ड्रोन चालवणाऱ्याने ती दोन मिनिटे राखून ठेवावीत; कारण यंत्र त्याचे असले, तरी त्याखाली उभी असलेली माणसे इतरांची असतात.