वनजिल्ह्यांतील विद्यार्थी आणि अभियांत्रिकीची पदवी

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे उर्वरित महाराष्ट्राला ताडोबाच्या वाघांसाठी आणि आलापल्लीच्या सागवानासाठी ठाऊक आहेत; परंतु वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकातच कोळशाची खाण सुरू झाली, बल्लारपुरास कागदाचा कारखाना उभा राहिला, घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर येथे सिमेंटच्या भट्ट्या पेटल्या आणि आता एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजावर चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना चालू लागला आहे, हेही तितकेच सत्य आहे. एवढी खनिजसंपत्ती उंबरठ्याशी असताना येथील मुलांपैकी अनेकांच्या वाट्याला कंत्राटी मजुरीच यावी, ही स्थिती पालटण्याचे जे मोजके सनदशीर मार्ग आहेत, त्यांत अभियांत्रिकीच्या पदवीचे स्थान फार वरचे आहे.

या पदवीच्या निरनिराळ्या शाखा प्रत्यक्षात काय करतात, हे पाहण्यास ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्राइतके उत्तम उदाहरण नाही. खाण अभियंत्याने भूगर्भातून अथवा खुल्या खाणीतून काढलेला कोळसा पट्ट्यावरून येतो, मिलमध्ये पिठासारखा दळला जातो आणि बॉयलरमध्ये जळतो. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते व वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते, तेथपर्यंत यंत्र अभियंत्याचा अंमल चालतो. टर्बाइनला जोडलेल्या जनित्रापासून रोहित्रापर्यंत आणि पुढे वाहिन्यांपर्यंत विद्युत अभियंत्याचे राज्य असते. शेकडो ठिकाणचे तापमान, दाब आणि प्रवाह क्षणोक्षणी मोजून ते नियंत्रण कक्षातील पडद्यावर आणणे हे इन्स्ट्रुमेंटेशनचे काम, आणि त्या आकड्यांवरून बिघाडाची चाहूल आधीच लागावी अशी प्रणाली रचणे हे संगणक अभियंत्याचे. मागे उरलेली राख सिमेंटात मिसळली जाते, ती सिव्हिल अभियंत्याच्या हाती लागते.

या साखळीतून निघणारा बोध असा की, संगणकशास्त्र हे अन्य शाखांचे प्रतिस्पर्धी नसून त्या सर्वांच्या हातातील अवजार आहे. आज बहुतेक पालकांचा ओढा संगणक शाखेकडे आहे आणि नागपूरच्या मिहानपासून पुण्यापर्यंत त्या शाखेला काम आहे, हे खरेच. तथापि साचेबंद प्रोग्राम लिहिण्याचे काम आता यंत्रही करू लागले असल्यामुळे ज्याचे गणित, तर्क आणि एखाद्या प्रत्यक्ष व्यवसायाचे ज्ञान पक्के आहे, त्याचीच मागणी टिकेल. खाण, विद्युत किंवा यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याने प्रोग्रामिंग आणि संगणकाच्या विद्यार्थ्याने एखादा उद्योग जवळून अभ्यासावा, यात दोघांचेही हित आहे.

शिक्षणाची सोय आता दूर राहिलेली नाही. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून चालू आहे. दहावीनंतर गडचिरोली किंवा ब्रह्मपुरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या थेट द्वितीय वर्षास प्रवेश मिळविता येतो. बारावीच्या मार्गाने जाणाऱ्यास राज्याची सीईटी द्यावी लागते. तीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मराठीतून सोडविता येतात, गणित मात्र इंग्रजीतूनच असते. म्हणून ज्या मुलाची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आणि शाळेची मराठी, त्याने गणिताची इंग्रजी परिभाषा अकरावीपासूनच हाताळावी. पहिल्या सत्रात नापास होण्याचे मूळ बुद्धीपेक्षा या भाषेच्या अडसरात अधिक असते.

दुसरा अडसर कागदपत्रांचा. राखीव जागेवर मिळालेला प्रवेश जात वैधता प्रमाणपत्रावाचून टिकत नाही, आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील कोतवाल पंजीच्या नकला किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नोंदी शोधाव्या लागतात. तहसील कचेरीत त्या मिळण्यास कालावधी लागतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्याच्या हातून मुदत निसटते. अकरावीत नाव घालताच हा अर्ज करावा. शिष्यवृत्तीचा तपासही त्याच वेळी घ्यावा. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षणशुल्क राज्याने २०२४-२५ पासून पूर्णपणे माफ केले आहे.

पदवीनंतर महानिर्मितीची भरती आहे, कोल इंडियासारख्या सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर घेत आलेल्या नेमणुका आहेत, आणि खाण अभियंत्यास अनुभवानंतर वैधानिक परीक्षा उत्तीर्ण होऊन खाण व्यवस्थापकाचा हुद्दा मिळविता येतो. त्या हुद्द्यावर बसलेल्या माणसास कोणत्या गावाचे पाणी खाणीमुळे आटते आणि कोणत्या रानावर कोणत्या ग्रामसभेचा हक्क आहे, हे उपजत ठाऊक असेल, तर त्याचे निर्णय निराळे होतील. एटापल्लीच्या मुलाने अभियंता व्हावे असे मी आग्रहाने म्हणतो, ते केवळ त्याच्या वेतनासाठी नव्हे. या भूमीविषयीचे निर्णय जेथे होतात, त्या टेबलाशी तिच्या लेकरांना खुर्ची मिळावी म्हणून.