चुनेगच्ची काम व त्याची दुरुस्ती : ठाणें-बेलापूर पट्टीच्या अनुषंगानें

ठाण्याहून बेलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्वेस पारसिकचा डोंगर व पश्चिमेस खाडी यांच्या दरम्यान पावणे हें गांव आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व त्यानंतर या पट्टींत कारखान्यांची दाटी झाली; १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आंखणी सुरू झाली. भातशेतें, खाजणें व मिठागरें गेलीं. यामुळें इतिहासाभ्यासकानें पाय ठेवावा असें येथें कांहीं उरलें नाहीं, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाहीं. याच पट्टीच्या दक्षिण टोंकास बेलापूरचा किल्ला भग्नावस्थेंत उभा आहे. सिद्दी, पोर्तुगीज व मराठे यांच्या हातून जाऊन १८१७ सालीं तो इंग्रजांकडे गेला, आणि पुढें त्याची पडझड झाली. अलीकडे सिडकोनें त्याच्या जतनाचें काम हातीं घेतलें. तेव्हां जुनें चुनेगच्ची काम कोणत्या मालानें दुरुस्त करावें, हा प्रश्न या भागांत केवळ पंडिती राहिलेला नाहीं.

चुना म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. घाटावर ओढ्याकांठचे चुनखडीचे खडे भाजीत. कोंकणपट्टींत खाडीच्या शिंपा भट्टीस लावीत. शुद्ध चुनखडीचे १०० भाग पुरते भाजले, तर सुमारें ५६ भाग कळीचा चुना मिळतो. बाकीचा भाग वायुरूपानें निघून जातो. कळीवर पाणी घातलें म्हणजे ती तापून फुलते व विरते. भिंतींत गेल्यावर हाच चुना हवेंतून तो गेलेला वायु सावकाश परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. ही क्रिया वर्षानुवर्षें चालते.

आतां घाटावरचा चुना व किनाऱ्याचा चुना यांत एक मोठा भेद आहे. घाटावरच्या खड्यांत मातीचा अंश असल्यामुळें त्यांचा चुना ओलाव्यांतही कांहीं अंशीं घट्ट होतो. शिंपांचा चुना शुद्ध, पांढरा व लोण्यासारखा मऊ खरा. पण त्याला हवा लागते. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या व पायाशीं भरतीचें पाणी येणाऱ्या मुलुखांत एवढ्यानें भागत नाहीं. म्हणून गवंडी त्यांत सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, मिसळीत. ही पूड चुन्याशीं संयोग पावून पाण्यांतही टिकणारा बंध निर्माण करते. रोमन लोक याच हेतूनें ज्वालामुखीची राख वापरीत. एक भाग चुना, एक भाग सुरखी व एक-दोन भाग वाळू हें सामान्य प्रमाण होय. हें मिश्रण बैलांच्या घाणींत, गोल चरांतून दगडी चाक फिरवून, मळीत. अशा घाण्या कित्येक किल्ल्यांवर अद्याप दिसतात. लोहगडावरील घाणी पुष्कळांनीं पाहिली असेल.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद इत्यादि द्रव्यांविषयीं मात्र लोकांत अवास्तव कुतूहल आहे. गुळाच्या पाण्यानें चुना अधिक विरघळतो व सावकाश घट्ट होतो, बेलफळाच्या डिंकानें चिकटपणा येतो, हें खरें. परंतु प्रत्येक भक्कम भिंतीचें रहस्य गुळांत शोधणाऱ्यांनीं आधी भट्टी, विरवणी व घाणी यांकडे लक्ष द्यावें. कच्चा भाजलेला किंवा घाईनें विरवलेला चुना मणभर गुळानेंही सुधारत नाहीं.

१८२४ सालीं इंग्लंडांत पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें गेलें, आणि पुढच्या शंभर वर्षांत तें सर्वत्र पसरलें. नव्या कामास तें उत्तम आहे. जुन्या भिंतीच्या सांध्यांत भरलें असतां मात्र तें घातक ठरतें. जुनी भिंत ओलावा शोषते आणि चुन्याच्या सांध्यांतून तो बाहेर टाकते. सांधे सिमेंटानें बंद केले कीं पाणी आंत अडकतें. खाऱ्या हवेचे क्षार आंतच दाणेदार होऊन फुगतात व आंतील जुना चुना भुसभुशीत करतात. बाहेरून दुरुस्ती नीटनेटकी दिसते आणि आंतून गाभा मोकळा होत जातो. याउलट चुन्याचा सांधा स्वतः झिजून दगडास वांचवितो, व झिजल्यावर पुन्हा भरतां येतो.

कारखानदारीच्या पट्टींत याला दुसरें कारण जोडलें जातें. गंधकयुक्त धूर ओलाव्याशीं मिळून आम्ल होतें; त्यानें चुन्याचा पृष्ठभाग जिप्सम बनतो, फुगतो व पावसानें धुऊन जातो. पावणे-तुर्भ्यासारख्या ठिकाणीं चुन्याचा गिलावा शेदोनशें वर्षें टिकेल असें कोणीं गृहीत धरूं नये. ठराविक मुदतीनें हात फिरवावाच लागेल. माझ्या मतें यासाठीं शिंपांच्या चुन्यापेक्षां सुरखीयुक्त चुना श्रेयस्कर.

गांवठाणांतील जुन्या घरांची अवस्था किल्ल्याहून वाईट आहे, कारण त्यांची यादीच कोणी करीत नाहीं. कारवीचे कुड, ओटी, पडवी, माजघर व वर नळीचीं कौलें अशी कोंकणी घराची सामान्य रचना. १८६५ सालीं मंगळुरास यंत्राचीं कौलें निघालीं आणि पुढें नळीच्या कौलांचा कुंभार मागें पडला. अशा घराची निदान मापें व छायाचित्रें घेऊन ठेवणें अवघड नाहीं.

इमारत वापरांत ठेवणें हा जतनाचा सर्वांत स्वस्त उपाय. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढें तेथें नगरपालिकेची कचेरीही होती. १८७९ च्या आगीनंतरही वाडा उभा राहिला, तो बहुतांशीं त्याला मालक व भाडेकरू होते म्हणून. १८२८ सालीं जळालेल्या शनवारवाड्याचा तट तेवढा राहिला.

आतां संग्राहकांस एक विनंती. मराठ्यांच्या बारा महालांत इमारत हा एक महाल होता. वाडे, घाट व देवळें यांच्या जमाखर्चांत चुना, विटा, लांकूड, गूळ, गवंड्यांची व सुतारांची मजुरी यांच्या रकमा येतात. राजकारणाचीं पत्रें शोधतांना असे बंद निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवले जातात. ते कृपा करून वेगळे काढावे आणि माल, माप, दर व कारागिराची जात यांसह त्यांचें टिपण करावें. बरोबरीनें, त्याच इमारतीचा पडलेला चुन्याचा खडा मिळाल्यास तो सौम्य आम्लांत टाकून पाहावा. चुना विरघळून वाळू व सुरखी तळाशीं राहते, तिचें वजन घेतल्यास मिश्रणाचें प्रमाण कळतें. शिंपांचे तुकडे राहिले असल्यास तेही चुन्याबरोबर विरतात, तेवढी चूक गृहीत धरावी. खडा मात्र पडलेलाच घ्यावा. भिंतींतून उकरूं नये.