एक 'कीप', मराठीत अनेक शब्द

आजी फोनवर विचारते, "बाळा, शब्बाथ पाळलास ना?" नातू सांगतो, "हो आजी, ठेवला." आजी हसते, "कुठे ठेवलास रे, कपाटात?"

नातवाने इंग्रजीतल्या 'कीप'चा शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, एवढीच त्याची चूक. इंग्रजीचे एका क्रियापदावर भागते. मराठीत मात्र आधी पाहावे लागते, की काय 'कीप' करायचे आहे?

वस्तू जागेवर असू द्यायची असेल, तर 'ठेवणे' : चावी खिशात ठेव. नियम, व्रत किंवा वचन असेल, तर 'पाळणे' : दिलेला शब्द पाळ, शब्बाथ पाळ. पहारा करायचा असेल, तर 'राखणे' : शेत राखणे. नाजूक किंवा प्रिय वस्तू असेल, तर 'जपणे' : आजोबांचे प्रार्थनेचे पुस्तक जप. पदार्थ न बिघडण्याला 'टिकणे' म्हणतात : ओल्या खोबऱ्याचा मलिदा फार टिकत नाही. काम चालू असेल, तर 'राहणे' : चालत राहा. आणि कधी यांपैकी एकही शब्द चालत नाही; 'कीप क्वाएट' म्हणजे सरळ 'गप्प बस'!

हिब्रूचेही इंग्रजीसारखेच आहे. दहा आज्ञा तोरामध्ये दोनदा येतात. शब्बाथविषयी निर्गमाच्या पुस्तकात 'जाखोर', म्हणजे आठवण ठेव, असा शब्द आहे. अनुवादाच्या पुस्तकात 'शामोर' आहे. 'शामोर'साठी जुन्या इंग्रजी बायबलात 'कीप' आले. मराठीत आपण 'पाळ' म्हणतो. त्याच धातूपासून झालेला 'शोमेर' म्हणजे पहारेकरी. हिब्रूत शब्बाथ पाळणाराही शोमेर आणि दारावरचा राखणदारही शोमेर.

या 'पाळण्या'वरूनच कोकणात बेने इस्राएलांना नाव मिळाले. तेलाचा घाणा चालवणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू प्रार्थनांपैकी बहुतेक विसरल्या गेल्या होत्या, शेमा तेवढी ओठांवर राहिली होती. पण शब्बाथ पाळला जात होता. घाणा बंद ठेवला, शब्बाथ पाळला, आणि म्हणून ओळख टिकली. या एका वाक्यात 'कीप'चे तीन अर्थ आहेत.

सराव : रिकाम्या जागा भरा.
१. दूध उन्हात ______ नाही.
२. आईला दिलेले वचन ______.
३. पुस्तक टेबलावर ______.
४. थांबू नकोस, वाचत ______.