चिमण्यांच्या गावातली ताऱ्यांची थप्पी

राजनांदगाव पोलाद कारखान्याच्या भिलाईपासून गाडीनं तासाभरावर. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी असलेले गजानन माधव मुक्तिबोध आयुष्याची शेवटची वर्षं तिथल्या कॉलेजात शिकवत होते. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या त्यांच्या कवितेतला चंद्र कारखान्याच्या चिमण्यांमधून वाकड्या तोंडानं डोकावतो. कवितेचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. भिलाईच्या सेक्टरमधल्या गच्चीवर दुर्बीण लावून बसणाऱ्याला मात्र तो चंद्र खरोखरच वाकडा दिसतो. दिवसभर तापलेल्या गच्च्या आणि रस्ते रात्री उष्णता सोडतात, वरची हवा थरथरते आणि चंद्राची कड पाण्यातल्या पडछायेसारखी हलत राहते.

यावर उपाय आहे तो एका फोटोऐवजी हजार फोटो काढण्याचा आणि त्यांची थप्पी रचण्याचा. छायाचित्रकार त्याला सरळ ‘स्टॅकिंग’ म्हणतात. ते करून देणारी सॉफ्टवेअर डझनभर आहेत आणि नवा माणूस नेमका तिथेच अडकतो. ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ असं तो विचारतो. खरं तर आधी विचारायला हवं, की फोटो कशाचा काढायचा आहे?

चंद्र किंवा ग्रह असेल, तर फोटो नव्हे, व्हिडिओ घ्यायचा. दोन-तीन हजार चौकटींत काही क्षण असे सापडतात, की हवा जणू श्वास रोखून उभी आहे. डच एमिल क्राइकाम्प यांचं ‘ऑटोस्टॅकर्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीला गुण देतं, उतरत्या क्रमानं लावतं आणि त्याचा आलेख दाखवतं. त्यातल्या वरच्या दहा-वीस टक्के ठेवायच्या, बाकीच्यांना निरोप. मग चित्रावर शेकडो ठिपके टाकून ते एकेक तुकडा स्वतंत्रपणे जुळवतं, कारण हवा सगळीकडे सारखी हललेली नसते. निघालेलं चित्र मऊसर असतं. ते ‘रेजिस्टॅक्स’मध्ये नेऊन धारदार करतात. तिथे हात आवरला नाही, तर प्रत्येक विवराला पांढरी किनार येते आणि चंद्र प्लास्टिकचा दिसू लागतो. गुरूच्या बाबतीत घाईही लागते. तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर त्याचे पट्टे सरकून पुसट होतात.

या पद्धतीचं मराठी मुलुखातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे पुण्याचा प्रथमेश जाजू. मे २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यानं चंद्राचे ३८ तुकडे वेगवेगळ्या व्हिडिओंत टिपले. एकूण चौकटी पन्नास हजारांवर आणि डेटा १८६ जीबी! प्रत्येक व्हिडिओतून एक स्वच्छ चित्र आणि ३८ चित्रं जोडून एक चंद्र. टिपायला रात्रीचे चारेक तास लागले, पण पुढच्या कामाला चाळीसच्या घरात. या छंदात गच्चीवरच्या तासांपेक्षा खुर्चीवरचे तास नेहमीच जास्त असतात.

हेच ऑटोस्टॅकर्ट मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर चालवलं, तर मात्र हाती फारसं लागत नाही. तिथलं दुखणं वेगळं आहे. तेजोमेघ थरथरत नाही, तो अंधूक असतो आणि कॅमेऱ्याच्या रवाळपणात बुडून जातो. तेजोमेघाचा उजेड प्रत्येक फोटोत त्याच जागी पडतो; रवा मात्र कधी इकडे, कधी तिकडे. सरासरी काढली, की रवा एकमेकांना खाऊन टाकतो. चार फोटोंनी तो निम्मा होतो, शंभरांनी दहावा हिस्सा उरतो. पण विसाव्या हिश्शापर्यंत जायचं, तर चारशे फोटो लागतात.

इथे भिलाईचा भूगोल आडवा येतो. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली. भट्ट्या, मालधक्के, टाउनशिप आणि भोवती वाढलेलं दुर्ग-भिलाई, या सगळ्यांचा उजेड आकाशात चढतो. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा उजेड मोजक्या रंगांचा होता, फिल्टरनं बराच अडवता यायचा. एलईडीचा पांढरा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, त्याला चाळणी लावणं कठीण. स्टॅकिंगनं रवा जातो, पण आभाळाची झळाळी जात नाही. उलट ती अधिक नितळ, अधिक ठळक होऊन समोर येते. हिशेब निर्दय आहे. आकाश तीन प्रतींनी (मॅग्निट्यूडनी) उजळ असेल, तर अंधाऱ्या डोंगरावर एका तासात मिळणाऱ्या चित्रासाठी शहरात सोळा तास लागतात. म्हणून गच्चीवरून काम करणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात : शेकडो फोटो न कुरकुरता गिळणारं आणि कारखान्याच्या बाजूनं चढत गेलेली झळाळी वजा करता येईल असं सॉफ्टवेअर.

‘डीपस्कायस्टॅकर’ हे बहुतेकांचं पहिलं. ते मोफत आहे, विंडोजवर चालतं, बटणं कमी. पण त्याची एक खोड प्रत्येक नवशिक्याला रडवते. रात्रभर जागून १२० फोटो आणावेत, सगळे भरावेत आणि पडद्यावर यावं, की यातला एकच फोटो थप्पीत जाईल! फोटो बिघडलेले नसतात. सॉफ्टवेअर तारे ओळखून फोटो जुळवतं. उजळ आभाळात पुरेसे तारे त्याला सापडलेले नसतात. तारे ओळखण्याची मर्यादा खाली ओढायची, किती तारे मोजले गेले ते बघायचं, शे-दोनशेच्या आसपास आकडा आला की पुन्हा चालवायचं. फार खाली ओढली, तर ते रव्यालाच तारे समजतं. शेवटी उघडणारी फाइल काळीकुट्ट असते, तेव्हाही घाबरायचं कारण नाही. तेजोमेघ आत असतो, तो उजळून वर काढायचा असतो.

झळाळी वजा करण्याचं काम त्यात नीट होत नाही आणि म्हणूनच भिलाईसारख्या आकाशाखाली ‘सिरिल’ उजवं ठरतं. तेही मोफत, शिवाय विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. चार फोल्डर करायचे : लाइट्स म्हणजे आभाळाचे मूळ फोटो, आणि कॅमेऱ्याचे दोष वजा करायला डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. फोटो त्यात टाकून तयार स्क्रिप्ट चालवली, की जुळणी आपोआप होते. फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं, तर स्क्रिप्ट हटून बसते, एवढाच तिचा हेका. जुळणी झाली, की पार्श्वभूमीवर नमुन्याचे चौकोन टाकून ती वजा करता येते. एखाद्या फोटोतून विमान किंवा उपग्रह गेला असेल, तर ती रेघही सरासरीत न बसणारी म्हणून गाळली जाते.

जागेचा हिशेब मात्र आधी करावा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल तीसेक एमबीची, पण रंग उलगडून ३२ बिटांत ठेवली, की २८८ एमबी होते. शंभर फोटो म्हणजे २९ जीबी, तेही एकाच टप्प्यावर. जुन्या लॅपटॉपचा श्वास इथेच कोंडतो. सिरिलला १६ बिटांत काम करायला सांगितलं, की हा आकडा निम्मा होतो.

कवर्ध्याजवळ अकराव्या शतकातल्या भोरमदेव मंदिरामागे आकाशगंगा टिपायची असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून ‘सिक्वेटर’ घ्यावं. बाकीची सॉफ्टवेअर तारे जुळवताना देऊळ पुसून टाकतात. हे जमीन गोठवून फक्त आकाश जुळवतं. विकतच्यांमध्ये स्पेनचं ‘पिक्सइनसाइट’ सर्वांत बलाढ्य, पण परवाना दोन-तीनशे युरोंच्या घरात आणि शिकायला महिने. ४५ दिवस फुकट वापरून बघता येतं. तेवढे पैसे ताऱ्यांमागे फिरणाऱ्या माउंटसाठी ठेवलेले बरे. स्थिर तिपाईवर ५० मिलिमीटरच्या लेन्सनं सहा-सात सेकंदांतच तारे लांबट होऊ लागतात आणि लांबट ताऱ्यांवर कोणत्याच सॉफ्टवेअरची मात्रा चालत नाही.

भिलाईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ बंद. मग जानेवारीचा मृग हार्डडिस्कमधून बाहेर निघतो आणि सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत पुन्हा रचला जातो. मूळ फोटो जपून ठेवलेल्यांनाच ते जमतं. मात्र झाकण लावून घ्यायच्या डार्क फ्रेम त्या रात्रीच्याच तापमानाला घेतलेल्या असाव्या लागतात : जानेवारीतल्या थंडगार सेन्सरचा रवा वेगळा आणि जुलैच्या उकाड्यातला वेगळा.