देवीच्या वाटेवर आपली दोन पैशांची कमाई

नवरात्र जवळ आलं की बिरसीच्या आसपास घरोघरी एकच विचारणा असते, “यंदा डोंगरगडला कधी जायचं?” गोंदियाहून रेल्वेने निघालो की आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे पडतात आणि छत्तीसगडातलं डोंगरगड येतं. डोंगरावर मोठी बमलेश्वरी, पायथ्याशी छोटी बमलेश्वरी. वर जायला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी रोपवे आहे.

अश्विन आणि चैत्र अशा दोन्ही नवरात्रांत इथे मोठी गर्दी होते. भाविक आपल्या नावाने ज्योती कलश लावतात. तीर्थक्षेत्री यात्रेकरूंच्या सोयी वाढाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०१४-१५ मध्ये ‘प्रसाद’ योजना सुरू केली. तिच्यात डोंगरगडही आहे. सोयी वाढल्या की माणसं वाढतात, आणि माणसं आली की खर्च करतात. तो पैसा आपल्या हातात कसा येईल, हे आज पाहू.

मागच्या वर्षी दर्शन झाल्यावर आम्ही पायऱ्यांजवळ तासभर बसलो आणि कोण काय घेतं ते बघत राहिलो. चढणारे नारळ, फुलं, चुनरी घेत होते. उतरणारे पाणी, खाऊ, बांगड्या, कुंकू आणि शेजाऱ्यांना वाटायला प्रसाद घेत होते. म्हणजे चढणारा देवीसाठी घेतो, उतरणारा घरासाठी.

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या आदल्या वर्षी जवळच्या एका यात्रेत आम्ही गटाच्या बचतीतले ४,००० रुपये उचलून बेसनाचे लाडू केले. दुकान लावलं चढणीच्या बाजूला. त्यात पाऊस आला, लाडवांना वास लागला आणि १,२०० रुपये बुडाले. अश्विनात धान शेतातच असतं, घरात पैसा नसतो. आमच्यातली एक ताई तर त्यानंतर दोन महिने बैठकीला आली नाही. तिला परत आणायला आम्हाला तिच्या घरी चारदा जावं लागलं.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो. पहिल्या दिवशी थोडाच माल न्यायचा, खप बघून पुढचा करायचा. मुरमुऱ्याचा चिवडा, पापड, लोणचं असा टिकणारा माल जास्त ठेवायचा. खायचं विकण्याआधी अन्नसुरक्षेची नोंदणी करायची आणि रोजचा हिशेब त्याच संध्याकाळी वहीत लिहायचा.

आपल्या गोरेगाव तालुक्यात मांडोदेवीचं ठाण आहे, गावोगावी मातामाय आहे. जिल्हा नियोजन समिती एखाद्या देवस्थानाला ‘क’ वर्गाचा दर्जा देते, तेव्हा रस्ता, पाणी, निवारा अशा कामांना निधी मिळू शकतो. पण बायकांसाठी शौचालय, लेकराला पाजायला आडोसा आणि गटांच्या दुकानांना जागा हवी, हे ग्रामसभेत आपणच उठून सांगायला हवं. आपण गप्प बसलो तर आराखड्यात कमान येईल, शौचालय राहून जाईल.

तेव्हा यंदा दर्शनाला जाल तेव्हा तासभर पायऱ्यांजवळ बसा. काय पाहिलं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा. माल काय करायचा, ते मग मिळून ठरवू.